घरपट्टीचं अपील जिंकलं, पण वकिलाची फी कोण देणार?

पिको_फॉल

नमस्कार मंडळी. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. महाराष्ट्रातली महानगरपालिका आहे आणि मुंबई नव्हे, एवढं पुरे.

आमचा तळमजल्यावरचा फ्लॅट, ६४० चौरस फूट. आईचा होता, आता माझ्या नावावर आहे. आई पस्तीस वर्षं शिवणक्लास घ्यायची. दाराशेजारी भिंतीवर निळ्या पत्र्याची पाटी होती: ‘शिवणक्लास. ब्लाउज, परकर. पिको-फॉल करून मिळेल.’ आई २०१९ ला गेली. क्लास त्याच्या आधीच बंद झाला होता. मशीन मी पुसून झाकून ठेवलं, पण पाटी काढायला काही हात उचलेना. राहिली तशीच.

२०२२ मध्ये मिळकतींचं सर्वेक्षण झालं. एक मुलगा आला, मोबाईलवर पाटीचा फोटो काढला आणि गेला. बेल वाजवली नाही, आत आला नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मला वाटलं, कुणाला तरी पिको करायचं असेल.

पुढे नोटीस आली, घर ‘बिगरनिवासी’. आकडे सांगते, कारण आकडे बघितल्याशिवाय माझा संताप कळणार नाही. आधी दर महिन्याला चौरस फुटाला अडीच रुपये धरायचे. म्हणजे महिना १,६००, वर्षाचे १९,२००, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा जाऊन करपात्र मूल्य १७,२८०, आणि सगळे कर मिळून ४५ टक्के, म्हणजे ७,७७६ रुपये. आता दर धरला नऊ रुपये. करपात्र मूल्य ६२,२०८ आणि बिगरनिवासीचे ६० टक्के लावून बिल ३७,३२५. घरात शिवणारं कुणी नाही, आणि मला तर साधं बटणही नीट लावता येत नाही.

मुदतीत तक्रार दिली. सुनावणी पाच मिनिटांची. निकालाचा कागद एका ओळीचा: ‘तक्रार अमान्य.’ मग वकील केले, पंधरा दिवसांच्या आत कोर्टात अपील टाकलं, बिलाची पूर्ण रक्कम भरली (भरल्याशिवाय अपील ऐकतच नाहीत म्हणे), आणि पुढची दोन वर्षंही वाढीव बिलं भरत राहिले, कारण महिन्याला दोन टक्के शास्तीची भीती.

अकरा तारखा झाल्या. आईचा मृत्यूचा दाखला, घरगुती दराचं लाइटबिल, सोसायटीचं पत्र, आर्किटेक्टने मोजून दिलेला नकाशा, सगळं दिलं. शेवटी न्यायाधीशांनी पालिकेच्या साक्षीदाराला एकच प्रश्न विचारला, “तुम्ही आत गेला होता का?” तो म्हणाला, “नाही.” माझ्या मते केस तिथेच संपली.

निकाल लागून आज १९ दिवस झाले. अपील मंजूर, आकारणी निवासी. पण शेवटची ओळ: ‘खर्चाबाबत आदेश नाही.’

माझा खर्च असा: वकील २८,०००, आर्किटेक्ट ५,०००, नकला, स्टॅम्प, प्रतिज्ञापत्रं मिळून १,३४०. एकूण ३४,३४०. अकरा अर्ध्या रजा वेगळ्या. चूक त्यांची, हे कोर्टाने लेखी सांगितलं, मग भुर्दंड माझ्या बोडक्यावर का?

वर आणखी एक गंमत. तीन वर्षांत मी १,११,९७५ भरले, खरं देणं २३,३२८. जादा गेलेले ८८,६४७. ते रोख मिळणार नाहीत, ‘पुढील देयकांत समायोजित’ होतील. ७,७७६ ने भागून बघा. अकरा वर्षं! मी त्रेपन्न वर्षांची आहे.

कुणाला या भांडणात वकिलाची फी परत मिळाली आहे का? कशी?

---

चहा_कटिंग

मिळाली असती तर वकिलांनी फीच वाढवली असती. विसरा ताई, जिंकलात ना? पेढे वाटा.

---

हुकूमनामा

वरचा प्रतिसाद विनोद म्हणून ठीक आहे. पण १९ दिवस म्हटलंय, म्हणून आधी कामाचं लिहितो, बाकी नंतर.

मी दिवाणी कोर्टात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी हुकूमनामे लिहिण्यात गेली. निकाल न्यायाधीश देतात, पण त्यावरून हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा औपचारिक आदेशाचा कागद, आमच्या टेबलावर तयार होतो. त्याच्या शेवटी खर्चाचा तक्ता असतो, तो लोक कधी वाचत नाहीत. डावीकडे एका पक्षाचा खर्च, उजवीकडे दुसऱ्याचा. रकाने ठरलेले: दाव्याचा स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, दस्तांचा स्टॅम्प, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी, समन्स बजावणीचा खर्च. न्यायाधीशांनी ‘खर्चासह’ म्हटलं की आम्ही हे भरून बेरीज मारायची. ‘खर्चाबाबत आदेश नाही’ म्हटलं की ज्याचं त्याने गिळायचं.

आता खरी मेख. त्या तक्त्यातली ‘वकील फी’ म्हणजे तुम्ही वकिलांना दिलेली फी नव्हे. ती ठरलेल्या दरपत्रकाने काढायची असते. माझ्या खिडकीशी एकदा एक म्हातारे गृहस्थ आले होते, धोतर-टोपी, खर्चासह दावा जिंकलेले. हातात वकिलाची पंधरा हजारांची पावती, चौकोनी घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी तक्त्यातला आकडा दाखवला. तीन आकडी होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचला आणि मला म्हणाले, “साहेब, एक शून्य राहिलं का?” मी काय सांगणार? दोन शून्यं टाकली असती तरी हिशेब जुळला नसता.

तेव्हा ‘खर्चासह’ हा शब्द मिळाला तरी ३४,३४० आपोआप येत नाहीत. ते हवे असतील तर न्यायाधीशांकडून प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च, आकड्यानिशी, मागून घ्यावा लागतो. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या निकालात म्हटलंय की खर्च हा प्रत्यक्ष झालेला, वाजवी असावा, त्यात वकिलाची फी, जाण्यायेण्याचा खर्च, जिंकणाऱ्याचा गेलेला वेळसुद्धा यावा. २०१२ मध्ये विधी आयोगाने फक्त खर्च याच विषयावर एक आख्खा अहवाल दिला, २४० वा. कागदावर सगळं आहे. पण कागद कुणी पुढे ठेवला तर ना. बहुतेक वकील अर्जाच्या शेवटी ‘खर्चासह मंजूर व्हावे’ लिहितात आणि विसरतात. ते तीन शब्द टंकलेखकाला पाठ असतात, त्याला कुणी मागणी समजत नाही.

म्हणून तुम्हाला दोन प्रश्न. एक, तुमच्या अपिलाच्या शेवटच्या मागणीत खर्चाबद्दल नेमकं काय लिहिलंय? दोन, युक्तिवाद संपताना खर्चाचा तपशील आणि पावत्या दाखल केल्या होत्या का?

आणि ते समायोजनाचं वाक्य निकालातून जसंच्या तसं उतरवून टाका. शब्द महत्त्वाचे आहेत.

---

पिको_फॉल

काका, आत्ताच फाईल काढली. मागणीत आहे: ‘अपील खर्चासह मंजूर व्हावे व इतर योग्य ते आदेश व्हावेत.’ बस. तपशील काही दिलेला नाही. पावतीचं तर विचारूच नका. मी वकिलांना चार हप्त्यांत फोनवरून पैसे पाठवले, त्यांनी अंगठा पाठवला.

निकालातलं वाक्य: ‘अपीलकर्तीने भरलेली जादा रक्कम परत करावी किंवा पुढील देयकांत समायोजित करावी.’

---

हुकूमनामा

तो ‘किंवा’ तुम्हाला अकरा वर्षांना पडला. ‘किंवा’ आला की निवड समोरच्याची. अशा वेळी युक्तिवादातच म्हणायचं असतं की रक्कम वर्षाच्या कराच्या कित्येक पट आहे, रोखच द्यावी.

आता काय करता येईल ते. पुनर्विलोकनाच्या अर्जाला (म्हणजे त्याच कोर्टाला स्वतःचा निकाल पुन्हा तपासायला सांगणं) निकालापासून ३० दिवस असतात. तुमच्याकडे अकरा उरले. (नकलेसाठी लागलेले दिवस वजा होतात, पण त्या भरवशावर राहू नका.) अर्जात मुद्दा एकच ठेवा: खर्च मागितला होता, अपील पूर्ण मंजूर झालं, तरी खर्च का नाकारला याचं कारण निकालात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्ये स्पष्ट आहे की जिंकणाऱ्याला खर्च द्यायचा नसेल तर कोर्टाने कारण लेखी नोंदवायचं. सोबत खर्चाचा तक्ता, पावत्या, बँकेचा उतारा आणि वकिलांकडून लेटरहेडवर चार रकमांची तारीखवार पावती. ती ते देतील. नाही म्हणाले तर मग तुमच्या प्रश्नाचा रोखच बदलावा लागेल.

याच अर्जात ‘किंवा’बद्दलही एक परिच्छेद घाला. फ्लॅट विकायची वेळ आली तर जमा रक्कम मिळकतीच्या खात्यावर राहील, म्हणजे घेणाऱ्याच्या बिलातून वळती होईल, हे लिहा. न्यायाधीशांना व्यवहार कळतो, तो त्यांच्यासमोर मांडावा लागतो.

वरच्या कोर्टात नुसत्या खर्चासाठी जाऊ नका. ३४ हजारांसाठी आणखी २५ हजार घालाल.

---

काळा_कोट

काकांनी बरोबर सांगितलंय. वकील म्हणून दोन गोष्टी जोडतो.

पहिली, फक्त कलम ३५ वर उभं राहू नका. समोरचे वकील उठून म्हणतील की हे महापालिका कायद्याखालचं अपील आहे, साधा दावा नव्हे. महापालिका अधिनियमात अपिलांच्या त्याच प्रकरणात खर्चाची स्वतंत्र तरतूद आहे: खर्च कुणी, किती प्रमाणात द्यायचा ते न्यायाधीश ठरवतील. तज्ज्ञ नेमून मूल्यांकन करून घेतलं तर त्याच्या खर्चाचंही तसंच. अर्जात आधी ती तरतूद, मग ३५. कलम ३५-अ मात्र मागू नका, ते खोट्या आणि त्रासदायक दाव्यांसाठी आहे, आणि त्याची कमाल मर्यादा तीन हजार रुपये. हो, तीनच हजार. हसू नका.

दुसरी गोष्ट इतर वाचकांसाठी. ‘वाचलेल्या कराच्या वीस टक्के द्या, हरलो तर काही नको’ असं सांगणारे बरेच फिरतात. वकिलाला असं करता येत नाही. बार कौन्सिलच्या आचारनियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बंदी आहे. सल्लागार म्हणवणारा घेईल, पण कोर्टात तो उभा राहू शकत नाही. आणि अशा टक्केवारीची पावती घेऊन खर्च मागायला गेलात तर तोंडावर पडाल.

रक्कम आधी भरण्याबद्दल: ती अट जाचक आहे हे मान्य. पण ती आव्हान देऊन झालेली आहे. अहमदाबादच्या अनंत मिल्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्येच कलम ४०६ मधली ही अट वैध ठरवली. गुजरातेत आणि आपल्याकडे मूळ कायदा एकच, जुना मुंबई प्रांतिक महापालिका कायदा, १९४९ चा. त्या वाटेला जाऊन फी घालवू नका.

---

टेक्सासकर_मावशी

मी ह्यूस्टनजवळ राहते, एकोणीस वर्षं झाली. तुमचं वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे राज्याचा आयकर नाही, त्यामुळे सगळा भार घराच्या करावर. दर वसंतात घराची नवी किंमत लिहिलेलं पत्र येतं आणि आमच्या गल्लीत सगळ्यांची तोंडं एकसारखी होतात. हरकत १५ मेपर्यंत, किंवा पत्र पाठवल्यापासून ३० दिवसांपर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर. आधी त्यांच्या माणसाशी बोलणी, मग नागरिकांच्या एका मंडळापुढे सुनावणी. तिथेही नाही पटलं तर साठ दिवसांत कोर्ट.

आणि आता तुमच्या प्रश्नाचं. टेक्सासच्या कर कायद्यात, कलम ४२.२९, जादा मूल्यांकनाच्या किंवा शेजाऱ्यांपेक्षा असमान मूल्यांकनाच्या मुद्द्यावर घरमालक कोर्टात जिंकला तर कोर्ट त्याला वाजवी वकील फी देववू शकतं. मर्यादा आहेच: १५,००० डॉलर किंवा वाचलेल्या कराच्या २० टक्के, यातलं जास्त असेल ते. पण कुठल्याही परिस्थितीत एक लाख डॉलरच्या वर नाही आणि मुळात जेवढा कर वाचला त्याच्याही वर नाही. शेवटची अट नीट वाचा. माझा कर वाचला आठशे डॉलर, तर फी मिळून मिळून आठशेच. आठशेत इथला वकील दार उघडून आत बसायला सांगेल, बस्स. त्यामुळे साध्या घरवाल्याला या कलमाचा उपयोग कमी, दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या इमारतींना जास्त.

आमच्यासारख्यांना लवादाचा रस्ता बरा. थोडी अनामत भरायची, लवादाने ठरवलेली किंमत आपण म्हटलेल्या किमतीच्या जवळ निघाली तर अनामत किरकोळ कापून परत, आणि लवादाची फी समोरच्याने द्यायची. यातला हिशेब मला आवडतो: जो खऱ्यापासून लांब, त्याचा खिसा.

मी स्वतः मात्र मंडळापुढेच सोडवलं. छताला पडलेल्या डागाचे फोटो, शेजारच्या तीन विकलेल्या घरांच्या किमती, आणि नवऱ्याला घरी ठेवलं. तो चिडतो.

---

चहा_कटिंग

मावशी, ‘जो खऱ्यापासून लांब, त्याचा खिसा’ हे इकडे लागू केलं तर आख्खा विभाग खिशाविना फिरेल.

पण खरंच, आमच्या मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आला, तेव्हा एकेकट्याने भांडणारे दमले. मालकांच्या संघटनेने मिळून खटला लढवला. २०१९ मध्ये हायकोर्टाने त्या कराच्या नियमांतले नियम २०, २१, २२ रद्द केले, नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. फी वाटून घेतली की परत मिळाली नाही तरी माणूस मरत नाही. पिको_फॉल ताई, तुमच्या सोसायटीत आणखी कुणाला ‘बिगरनिवासी’ केलं का? वकील एक, अपिलं चार, असं करता आलं असतं.

---

पिको_फॉल

नाही हो. पाटी आमचीच होती. वरच्या मजल्यावरच्या काकू घरात पोळीभाजीचे चाळीस डबे करतात, पण पाटी नाही, त्यामुळे त्या निवासी.

काकूंचं नाव-पत्ता विचारू नका.

---

सायंकाळ_सात

थोडं कडू लिहिते, रागावू नका. तुम्ही बाई आहात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे एक फॉर्म भरायचा. कोर्ट फी, नकला यांचाही भार तेच उचलतात. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कामगार यांनाही मिळतो. मी माझ्या आत्याच्या वारसाच्या भांडणात घेतला होता. दिलेले वकील तरुण होते, पण प्रत्येक तारखेला वेळेवर हजर. आत्या त्यांना लाडू करून न्यायची.

तुमचा घडला खर्च यातून परत येणार नाही. पण आता पुनर्विलोकनाचा अर्ज करायचाय ना, तो यांच्याकडूनच करून घ्या. फी परत मिळवायला पुन्हा फी कशाला?

---

पिको_फॉल

हे तीन वर्षांपूर्वी कुणी का नाही सांगितलं?! मी त्याच आवारात अकरा वेळा गेले. त्या कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून डबा खाल्ला आहे मी. दारावरचा बोर्ड वाचला नाही. आणि माझं घर बिगरनिवासी झालं ते बोर्डापायीच.

उद्या रजा टाकते.

---

सीए_तळेगाव

एक छोटी गोष्ट, कुणीतरी विचारेलच. ही फी आयकरात वजा होते का? स्वतः राहत असलेल्या घरासाठी नाही. भाड्याने दिलं असेल तर पालिकेचा भरलेला कर वजा होतो, आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तुम्ही खर्च करा किंवा करू नका. वकिलाची फी त्यातच आली असं समजायचं, वेगळी नाही. दुकान किंवा कचेरी धंद्यात वापरत असाल तर मात्र फी धंद्याच्या खर्चात धरता येते. म्हणून पावती हवीच. फोनवरचा अंगठा चालत नाही.

आणि परताव्यासाठी पालिकेला स्वतंत्र पत्र द्या, कोर्टासाठी थांबू नका. निकालाची प्रमाणित प्रत, भरणा पावत्या, रद्द केलेला धनादेश, आणि एक वाक्य: ‘समायोजन मला मान्य नाही, रोख परतावा मिळावा.’ आवक शिक्का घ्या. नाकारलं तर ते नाकारणं लेखी हातात येतं.

---

हुकूमनामा

सीएंचं पत्र उत्तम. त्याला माझी एक शेपटी. अजून ज्यांचं प्रकरण कोर्टात गेलं नाही त्यांनी माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तीन कागद मागा: सर्वेक्षणाचा भरलेला फॉर्म, काढलेला फोटो, आणि विशेष नोटीस पाठवल्याची जावक नोंद. या बाईंच्या फॉर्ममध्ये ‘आतून पाहणी’ या रकान्यात काय लिहिलं होतं ते सुनावणीच्या आधी हातात असतं, तर ‘तक्रार अमान्य’ लिहिताना साहेबांचा पेन अडखळला असता. कदाचित. त्या तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. चौतीस हजार वाचवायची खरी जागा ती पाच मिनिटांची सुनावणी होती. मी त्यांना दोष देत नाही. मलाही निवृत्त झाल्यावर कळलं की खिडकीच्या त्या बाजूला माणूस किती घाबरलेला असतो.

---

पिको_फॉल

मंडळी, झालं ते सांगते.

विधी सेवेचं कार्यालय खरंच त्या बाकासमोर आहे. फॉर्म एका पानाचा. तिसऱ्या दिवशी वकील मिळाल्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. मी काकांनी लिहिलेलं छापून नेलं होतं. त्यांनी वाचलं, ‘किंवा’खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाल्या, “हे कोण काका आहेत?”

जुन्या वकिलांनी पावती दिली. आधी थोडे गप्प झाले, मग स्वतःच म्हणाले की खर्चाचं मी जोर लावून मागायला हवं होतं. २८,००० पैकी त्यांनी २५,००० ची पावती दिली, बाकीचे तीन हजार ‘टायपिंग, झेरॉक्स’ म्हणून वेगळी. मला चालेल.

अर्ज २८ व्या दिवशी दाखल झाला. खर्चाचा तक्ता मी स्वतः केला, आठ रकाने, अकरा अर्ध्या रजांचे पैसे पण लावलेत. वकीलबाई म्हणाल्या रजांचं बहुधा मिळणार नाही. मी म्हटलं, राहू दे, न्यायाधीशांना दिसू तर दे. पालिकेला नोटीस निघाली, पुढची तारीख दीड महिन्यानंतरची. परताव्याचं पत्रही दिलं. आवक शिक्का उलटा बसला आहे, पण तारीख वाचता येते.

---

चहा_कटिंग

आणि पाटी?

---

पिको_फॉल

काढली. निकालाच्या दुसऱ्या दिवशीच. चार खिळ्यांपैकी एक इतका गंजला होता की प्लास्टरसकट आला. तिचा फोटो कोर्टात निशाणी ७ आहे, आणि खरी पाटी माळ्यावर, आईच्या मशीनच्या झाकणावर ठेवली आहे. मागच्या बाजूला खडूने मापं लिहिलेली सापडली, कुणाच्या तरी ब्लाउजची. छाती ३४, बाही ९.